'सेव्हिंग मिस्टर बँक्स' बघून रडून झालं, मग खरी हकीकत वाचली. आता काय?

अर्धविराम

'सेव्हिंग मिस्टर बँक्स' २०१३चा सिनेमा आहे, म्हणजे बघायला अंमळ उशीरच केला मी. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डिस्नीचा 'मेरी पॉपिन्स' (१९६४) कसा जन्माला आला त्याची ही गोष्ट. वॉल्ट डिस्नी वीसेक वर्षं पुस्तकाच्या हक्कांसाठी लेखिकेच्या मागे लागलाय आणि पी. एल. ट्रॅव्हर्स बाई काही दाद देत नाहीत. शेवटी पैशाची चणचण भासायला लागते म्हणून १९६१ साली त्या लंडनहून लॉस एंजेलिसला येतात आणि पटकथाकार डॉन डग्रॅडी व संगीतकार शर्मन बंधू यांना सळो की पळो करून सोडतात. अधूनमधून बाईंचं ऑस्ट्रेलियातलं लहानपण दिसतं. वडील बँकेत, मुलीवर जीव टाकणारे, गोष्टीवेल्हाळ, आणि दारूच्या पार आहारी गेलेले. हळूहळू उलगडतं की मेरी पॉपिन्स ही बया, म्हणजे बँक्सांच्या घरी मुलं सांभाळायला आलेली जादूची दाई, पोरांसाठी आलेलीच नाहीये, ती आलीये त्यांच्या बापाला सावरायला. पुस्तकातले मिस्टर बँक्स म्हणजे लेखिकेचे वडील.

एमा थॉम्प्सन लेखिका, टॉम हँक्स डिस्नी. शेवटी 'मेरी पॉपिन्स'च्या प्रीमियरला ती अंधारात बसून रडते तिथे मीही तिच्याबरोबर मनसोक्त रडून घेतलं.

मग नेहमीची खोड, खरं काय घडलं ते वाचायला बसले. ट्रॅव्हर्स प्रीमियरला रडली हे खरं आहे. पण तिला तो सिनेमा पटलेला नव्हता. रिचर्ड शर्मन सांगायचे, की नंतरच्या पार्टीत तिने डिस्नीला गाठून सांगितलं, ते ॲनिमेशन काढून टाकावं लागेल. त्यावर डिस्नीचं उत्तर साधारण असं, की पामेला, ते जहाज कधीच निघून गेलं.

म्हणजे बाई ज्या स्टुडिओशी भांडली, त्याच स्टुडिओने ती गेल्यावर (१९९६) सतरा वर्षांनी सिनेमा काढून जगाला सांगितलं की बघा, शेवटी विरघळली. हे तुम्हाला चालतं का? आणि हे कळल्यावर सिनेमा कमी आवडतो का? माझं अजून ठरत नाहीये.

रिकामटेकडा

सिनेमा आहे तो, प्रतिज्ञापत्र नव्हे. बघा, रडा, झोपा.

पानगळ

छान धागा. मला हॉलिवूडपेक्षा त्यातलं ऑस्ट्रेलिया जास्त भिडलं. बऱ्याच जणांना ते फ्लॅशबॅक रेंगाळलेले वाटतात, मला मात्र कॉलिन फॅरेलने केलेला बाप सिनेमा संपल्यावरही सोडत नव्हता. एक प्रसंग तर निव्वळ संकलनासाठी पुन्हा बघावा असा आहे. इकडे बरबँकला, डिस्नीच्या स्टुडिओतल्या तालमीच्या खोलीत शर्मन बंधू बँकेचं गाणं म्हणून दाखवतायत, आणि तिकडे १९०६-०७च्या सुमारास गावच्या जत्रेत प्यायलेला बाप व्यासपीठावर झोकांड्या खात भाषण करतोय. गाण्याचे शब्द हळूच बापाच्या तोंडी जातात. खोलीतल्या लोकांना वाटतंय बाई चालीवर नाराज आहे.

आणि हे काही सगळं रचलेलं नाही. तिचं खरं नाव हेलन लिंडन गॉफ, जन्म १८९९, क्वीन्सलँडमधलं मेरीबरो. वडील ट्रॅव्हर्स रॉबर्ट गॉफ बँकेत मॅनेजर होते, तिथून त्यांना खाली कारकून केलं गेलं, आणि १९०७ साली अलोरा नावाच्या लहान गावात ते वारले. ती तेव्हा सात वर्षांची. पुढे तिने वडिलांचं नावच आडनाव म्हणून लावलं. आपल्याकडे बापाचं नाव मधे बसतं, हिने ते शेवटी नेऊन कायमचं केलं. एवढ्या एका गोष्टीवरूनही सिनेमाचा गाभा खरा आहे असं मला वाटतं.

खडूस_काका

गाभा खरा आणि बाकी सगळं स्टुडिओच्या सोयीचं! घ्या यादी.

सिनेमात ती हक्कांवर सही न करता अमेरिकेला येते, आणि सगळा ताण त्या सहीवर उभा आहे. प्रत्यक्षात ती आली तेव्हा प्राथमिक करार होऊन गेला होता. पटकथेला संमती देण्याचा अधिकार मात्र तिने स्वतःकडे राखला होता, म्हणून ती आली. सिनेमात डिस्नी तिला हाताला धरून डिस्नीलँड दाखवतो, जीव लावतो. प्रत्यक्षात ती बरबँकला असताना हे गृहस्थ बराचसा काळ पाम स्प्रिंग्जला निघून गेले होते आणि बाईंना तोंड द्यायला शर्मन बंधू मागे ठेवले होते. शेवटी डिस्नी विमान पकडून लंडनला तिच्या दारात जातो, स्वतःच्या कडक बापाची आणि बर्फात पेपर टाकण्याची कहाणी सांगतो आणि बाई सही करते. ती लंडनवारी झालीच नाही. तो गोड ड्रायव्हर राल्फ (पॉल जियामाटी) काल्पनिक.

आणि स्वतः डिस्नी! तो एकामागून एक सिगारेटी ओढणारा माणूस होता, १९६६मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. सिनेमात काय दिसतं? ती खोलीत येते तेव्हा तो घाईघाईने एक विझवतो, बस. लेखिकेच्या बापाची दारू मात्र पडदाभर दाखवता येते. आपल्या घरचा देव्हारा आणि दुसऱ्याच्या घरचं धुणं, असा प्रकार आहे.

चकणा_ससा

काकांना कुणीतरी चमचाभर साखर द्या रे.

खडूस_काका

मधुमेह आहे.

जुनी_वही

साखरेवरून आठवलं, 'मेरी पॉपिन्स'मधल्या त्या 'अ स्पूनफुल ऑफ शुगर' गाण्याची जन्मकथा फार गोड आहे. मेरी पॉपिन्स झालेल्या ज्युली अँड्र्यूजला आधी दिलेलं गाणं पसंत पडलं नव्हतं, तिला काहीतरी चटपटीत हवं होतं. रॉबर्ट शर्मन डोकं खाजवत घरी आले तर मुलगा शाळेतून पोलिओची लस घेऊन आलेला. त्यांनी विचारलं, दुखलं का? तो म्हणाला छे, साखरेच्या खड्यावर थेंब टाकून दिली. दुसऱ्या दिवशी ओळ तयार! तोंडावाटे द्यायची लस तेव्हा अमेरिकेत नवीनच आली होती. सॅबिन यांनी लस केली आणि शर्मननी तिचं गाणं.

रॉबर्ट सिनेमात काठी घेऊन लंगडताना दिसतात तेही खरं. दुसऱ्या महायुद्धात, १९४५मध्ये, गुडघ्यात गोळी लागली होती. सिनेमात ट्रॅव्हर्स विचारते यांच्या पायाला काय झालं, धाकटा भाऊ सांगतो गोळी लागली, आणि बाई म्हणते त्यात नवल ते काय. त्या एका वाक्यासाठी एमा थॉम्प्सनला काहीही बक्षीस द्या. ऑस्करवाल्यांनी तर साधं नामांकनही दिलं नाही. अख्ख्या सिनेमाला एकच नामांकन, थॉमस न्यूमनच्या संगीताला.

छत्रीवाली

मी पुस्तकवाली आहे, त्यामुळे बाईंच्या बाजूने बोलायला आले आहे.

१९३४चं पहिलं पुस्तक वाचलंय का कुणी? त्यातली मेरी पॉपिन्स ज्युली अँड्र्यूज नाहीच. ती दिसायला साधी आहे, भयंकर गर्विष्ठ, दुकानाच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघत थांबणारी, फटकळ, आणि पोरांना अजिबात लाडावत नाही. जादू करते आणि नंतर पोरांनी विचारलं तर 'मी? असलं काही करीन मी?' म्हणून त्यांच्यावरच डाफरते. पोरं तिच्यावर जीव टाकतात, पण ती गोड आहे म्हणून नव्हे. तिच्या आसपास असताना जग धोक्याचं वाटतं आणि सुरक्षितही. हे मिश्रण सिनेमात पातळ झालं.

घरही बघा. चेरी ट्री लेनवरचं १७ नंबरचं घर पुस्तकात गल्लीतलं सगळ्यात लहान, रंग उडालेलं आहे, कारण मिस्टर बँक्सनी बायकोला सांगितलेलं असतं की एक तर छान टापटीप घर मिळेल नाही तर चार मुलं, दोन्ही परवडणार नाही. हो, चार मुलं. जेन आणि मायकेलच्या खाली जुळी भावंडं आहेत, सिनेमात ती गायब. काळ १९३०चा, सिनेमाने तो १९१०वर नेऊन ठेवला आणि घर चकचकीत केलं. मिसेस बँक्स मतदानाच्या हक्कासाठी मोर्चे काढणारी केली. तेवढं मला खरं तर आवडलं, पण पुन्हा, पुस्तकात ते नाही.

ट्रॅव्हर्सचं म्हणणं एवढंच होतं की माझी बाई गोड करू नका. 'सेव्हिंग मिस्टर बँक्स'ने मग बाईंचंच तेच केलं. फटकळ, तुसडी, पण आतून जखमी, आणि मिकीचं बाहुलं कवटाळून झोपणारी. आधी पात्र गोड केलं, पन्नास वर्षांनी लेखिका.

पानगळ

छत्रीवाली, शेवटचा परिच्छेद झकास. पण त्या मिकीच्या प्रसंगात मला स्टुडिओची जाहिरात दिसली नाही. हॉटेलच्या खोलीत आल्या आल्या ती ते भलंमोठं बाहुलं कोपऱ्यात तोंड करून बसवते आणि फळांच्या टोपलीतली नासपती खिडकीतून पोहण्याच्या तलावात फेकते. नासपतीच का, ते नंतर बापाच्या आजारपणात कळतं. इतकं बारीक विणलेलं आहे.

रिकामटेकडा

लेखिकेवर फार अन्याय अन्याय चाललंय म्हणून आठवण करून देतो. बाईंना १ लाख डॉलर आणि शिवाय एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के असा करार होता. १९६४च्या सगळ्यात जास्त चाललेल्या सिनेमांपैकी एकाचे ५ टक्के! उरलेलं आयुष्य ददात पडली नाही. कुणी बंदूक लावली नव्हती. विकायचं नसेल तर विकू नये.

छत्रीवाली

पैसे घेतले म्हणजे मत द्यायचा हक्क गेला का? मग पगारदार माणसाने साहेबाबद्दल कधीच बोलू नये.

रिकामटेकडा

मी बोलतच नाही. (साहेब हा धागा वाचत असल्यास: नमस्कार.)

खटका

तुमचं मानापमान नाट्य चालू द्या, मी तांत्रिक बाजूचं थोडं टंकतो, कारण १९६४च्या सिनेमाबद्दल ते कुणी बोलतच नाही.

संपूर्ण सिनेमा कॅलिफोर्नियात, स्टुडिओच्या आत चित्रित झालाय. लंडनचं एकही दृश्य लंडनमध्ये घेतलेलं नाही. ती धुरकट छपरं, सेंट पॉलचा घुमट, आकाश, हे पीटर एलेनशॉ यांनी काचेवर रंगवलेलं आहे, मधली मोकळी जागा सोडून, म्हणजे तिथे चित्रित केलेली माणसं बसवता येतील.

आणि पेंग्विनांबरोबरचा नाच. आजकाल हिरवा पडदा लावतात, तेव्हा निळा लावायचे आणि कडांना निळी झाक राहायची. डिस्नीकडे वेगळी पद्धत होती. नटांच्या मागे पांढरा पडदा, त्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश. हा प्रकाश जवळपास एकाच तरंगलांबीचा असतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. कॅमेऱ्यात खास लोलक बसवलेला. तो नेमका तेवढा पिवळा वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाडायचा आणि बाकीचे रंग पहिल्या फिल्मवर. म्हणजे चित्रण चालू असतानाच नटाची अचूक बाह्याकृती तयार. ज्युली अँड्र्यूजच्या टोपीवरची ती तलम जाळी बघा, मागचं ॲनिमेशन तिच्यातून आरपार दिसतं आणि कडा स्वच्छ. नटाने पिवळे कपडे घातले तरी चालायचं, कारण साधा पिवळा आणि सोडियमचा पिवळा वेगळे. पेट्रो व्लाहोस, अब आयवर्क्स आणि वॅड्सवर्थ पोल यांना यासाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तसा लोलक पुन्हा बनवणं इतकं कठीण गेलं की पद्धतच मागे पडली.

'सेव्हिंग मिस्टर बँक्स'वर माझा राग हा आहे की सिनेमा कसा बनला याच्या सिनेमात कॅमेरा जवळजवळ नाहीच. पेटीवर गाणी आणि टेबलावर भांडणं. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच गोष्ट उडी मारून प्रीमियरला जाते.

जुनी_वही

@खटका, भारी माहिती. पण भांडण टेबलावरच झालं ना. चित्रीकरणाच्या वेळी बाई तिथे नव्हत्याच.

चकणा_ससा

मेरीचा मित्र बर्ट झालेल्या डिक व्हॅन डाईकच्या लंडनी उच्चारांवर अजून कुणी बोललं नाही? धागा अपूर्ण आहे. इंग्रज लोक ६० वर्षं त्यावर हसतायत.

जुनी_वही

हसू देत. तोच माणूस बँकेचा तो जख्ख म्हातारा मालक झालाय हे किती जणांना पहिल्या वेळी कळलं? ती भूमिका मिळावी म्हणून त्याने डिस्नीने उभ्या केलेल्या कलाशाळेला ४ हजार डॉलर देणगी दिली होती. नट पैसे घेतात, याने पैसे देऊन म्हातारा केला.

आजीची_पिशवी

वाचतेय सगळं. मला अर्धविरामच्या प्रश्नापेक्षा जरा बाजूचं सुचतंय. लेखक जिवंत असताना त्याच्या पुस्तकावर सिनेमा होणं ही लेखकासाठी शिक्षाच असावी. 'श्यामची आई'चा सिनेमा अत्र्यांनी १९५३ला केला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. पण साने गुरुजी १९५०लाच गेले होते. त्यांनी बघितला असता तर काय म्हणाले असते? रडले असते हे नक्की, पण कशासाठी?

तिकडे जर्मन लेखक मिखाएल एंडे यांनी 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'च्या सिनेमावरून (१९८४) चक्क खटला भरला आणि ते हरले. पोरांच्या पुस्तकांचे लेखक जास्त चिवट असतात की काय कोण जाणे. कदाचित त्यांनी ते पोरांसाठी लिहिलेलंच नसतं.

पानगळ

आजी, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. ट्रॅव्हर्स स्वतःही म्हणायची की मी मुलांसाठी लिहीत नाही.

आणि सिनेमा कसा बनला यावरचा सिनेमा म्हटलं की मला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आठवतो. तिथे फाळके, घर, शेजारी सगळे एका बाजूला आणि हसत खेळत काम चाललंय. इथे बनवणारे आणि जिचं आहे ती समोरासमोर. म्हणून हा जास्त बोचतो.

खडूस_काका

'फॅक्टरी' कुठल्या स्टुडिओने स्वतःच्या संस्थापकावर काढलेला नव्हता, हा मुख्य फरक.

प्राजक्ती

उशिरा आले. कुणीच तिच्या मुलाचा उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. ट्रॅव्हर्सने १९३९च्या सुमारास आयर्लंडमधून एक बाळ दत्तक घेतलं. ते जुळ्यांपैकी एक होतं. तिने एकालाच घेतलं, आणि कुठल्याला घ्यायचं हे ज्योतिषाला विचारून ठरवलं. मुलाला काही सांगितलं नाही. तो सतरा वर्षांचा असताना जुळा भाऊ स्वतः शोधत येऊन उभा राहिला.

सिनेमात हा मुलगा नाहीच. १९६१ साली तो विशीत होता. म्हणजे सिनेमातली ट्रॅव्हर्स एकटी, अविवाहित, जगात कुणी नसलेली, आणि तिच्या आयुष्यात एकच पुरुष, तिचे वडील. खरी ट्रॅव्हर्स एका मुलाची आई होती, आणि ते नातं साधं नव्हतं. आयरिश कवी 'एई' म्हणजे जॉर्ज रसेल तिचे गुरू, कवी येट्सशी ओळख, गुर्जिएफ या गूढवादी गुरूच्या नादी लागलेली, अमेरिकेतल्या मूळनिवासी नाव्हाहो लोकांमध्ये राहून आलेली. ही बाई डिस्नीलँडच्या चक्रीघोड्यावर बसून बरी होणारी नव्हे.

डिस्नीने तिला गोड केलं असं छत्रीवाली म्हणते. मी म्हणते डिस्नीने तिला लहान केलं. तिची चूक तिच्याकडे राहू दिली नाही, सगळं बापाच्या दारूवर टाकलं. मूल वेगळं काढण्याचा निर्णय तिने स्वतः घेतला होता, चाळिशीत, पूर्ण शुद्धीत.

पानगळ

हे वाचून जरा वेळ गप्प झाले. तरी, दोन तासांच्या सिनेमात काय काय बसवणार?

प्राजक्ती

ड्रायव्हर बसवला ना.

चकणा_ससा

प्राजक्ती १, पानगळ ०.

जुनी_वही

चाललंय तर दुसरी बाजूही येऊ दे. पुस्तकाबद्दल हळवी असलेली हीच लेखिका स्वतः बदलायलाही तयार व्हायची. पहिल्या पुस्तकातलं होकायंत्राचं प्रकरण, ज्यात मुलं चार दिशांना जाऊन वेगवेगळ्या वंशांच्या माणसांना भेटतात, ते १९८१ साली तिने नव्याने लिहिलं आणि माणसांच्या जागी प्राणी घातले. तिच्या हयातीत, तिच्या हाताने. आणि २०२४ साली ब्रिटनच्या सेन्सॉरने १९६४च्या सिनेमाचं प्रमाणपत्र 'सर्वांसाठी'वरून 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली' केलं, बँक्सांचा शेजारी ॲडमिरल बूम याच्या तोंडी असलेल्या एका जुन्या वर्णद्वेषी शब्दामुळे. म्हणजे पुस्तकातला दोष लेखिकेने काढला, सिनेमातला तसाच राहिला.

शिवाय ती डिस्नीचं तोंडही बघणार नव्हती हे खरं नाही. १९८०च्या दशकात ब्रायन सिब्ली या लेखकाबरोबर बसून तिने डिस्नीसाठी 'मेरी पॉपिन्स'च्या पुढच्या भागाचा आराखडा लिहिला होता. तो सिनेमा झाला नाही, पण दार तिने बंद केलेलं नव्हतं.

खडूस_काका

दार उघडं, पण साखळी लावून! नव्वदीत पोचल्यावर नाट्यनिर्माता कॅमरन मॅकिन्टॉशला रंगभूमीसाठी हक्क दिले तेव्हा तिची अट काय होती? काम करणारे लेखक इंग्रज हवेत, आणि १९६४च्या सिनेमाशी संबंधित कुणीही नको, शर्मन बंधूसुद्धा नकोत. तीस वर्षांनी! ती विरघळली नव्हती. आणि ज्या प्रीमियरला ती रडली त्याचं आमंत्रणही आधी तिला नव्हतं, मागून मिळवावं लागलं. सिनेमात ते दाखवलंय, पण विनोदी करून.

(शर्मन बंधूंवर मात्र हा अन्याय होता. त्या माणसांनी गाणी सोन्यासारखी दिली. 'फीड द बर्ड्स' डिस्नीचं इतकं लाडकं होतं की शुक्रवारी संध्याकाळी दोघांना बोलावून वाजवायला लावायचा.)

रिकामटेकडा

काका हळवे झाले, धाग्याची नोंद घ्या.

अर्धविराम

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! आज पुन्हा शेवट बघितला, या वेळी श्रेयनामावली संपेपर्यंत बसून. मला वाटतं तिथे काहीतरी आहे जे कुणी बोललं नाही.

खऱ्या ट्रॅव्हर्सने १९६१च्या बैठकांचं ध्वनिमुद्रण व्हावं असा आग्रह धरला होता. आपण काय सांगितलं त्याचा पुरावा राहावा म्हणून. त्या टेपा टिकल्या, आणि श्रेयनामावलीत त्यातलीच एक वाजते. एमा थॉम्प्सन नाही, खरी बाई. आवाज धारदार, मधेच अडवणारा, नाही म्हणजे नाही, हे असं नसतं, ते तसं असतं. समोरचे दोघं-तिघं बिचारे हो हो करतायत.

दोन तास स्टुडिओने तिच्याबद्दल हवं ते सांगितलं, आणि मग तिलाच बोलू दिलं. दिग्दर्शक जॉन ली हॅनकॉकला ती टेप वगळता आली असती. एमा थॉम्प्सनही त्या टेपा ऐकूनच भूमिकेत शिरली. म्हणून मी अगदी काकांच्या बाजूला जात नाही. पण प्रीमियरचा प्रसंग मात्र मला आता पहिल्यासारखा बघता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर अश्रू येतात आणि मी विचार करते, हे नेमके कुठले?

छत्रीवाली

टेपेचा मुद्दा मान्य, तरी एक तक्रार. ती टेप लागते तोवर निम्मे लोक उठलेले असतात.

आणि अश्रूंबद्दल: सिनेमा स्वतः उत्तर देतो की पडद्यावर मिस्टर बँक्स पतंग दुरुस्त करतात म्हणून ती रडते, बाप वाचला म्हणून. खऱ्या बाईंसमोर त्या दिवशी त्याच पडद्यावर तिचे वडील होते, आणि त्यांच्या आजूबाजूला नाचणारे पेंग्विनही. दोन्हींसाठी रडता येतं की. एकाच माणसाला एकाच वेळी.

खडूस_काका

हे पटलं. अर्धं.

मोगरा_सदाफुली

नमस्कार, इतके दिवस नुसती वाचत होते, पहिलीच पोस्ट. धागा भारी आहे पण माझा प्रश्न अगदी साधा. घरात आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत, दोघांनीही काहीच बघितलेलं नाही. 'मेरी पॉपिन्स' आधी दाखवू, की 'बँक्स', की पुस्तक वाचून दाखवू? २०१८चा पुढचा भागही आहे ना?

छत्रीवाली

पुस्तक. रोज एक प्रकरण, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्ट आहे. मेरी शेपर्डची चित्रं असलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. 'विनी द पू'ची चित्रं काढणाऱ्या शेपर्डची ती मुलगी.

खटका

१९६४चा सिनेमा आधी, मोठ्या पडद्यावर जमला तर उत्तम. टोपीची जाळी दाखवायला विसरू नका.

पानगळ

'बँक्स' आठ वर्षांच्या मुलाला नको. जाहिरातीत सगळं गोड दिसतं, पण बापाचं पिणं, रक्ताची उलटी, आईचं रात्री पाण्यात शिरणं, हे सगळं आहे. अकरावाल्याबरोबर तुम्ही शेजारी बसून बघा, आणि आधी मूळ सिनेमा बघितलेला हवा. नाही तर त्या गाण्यांवरून भांडण का चाललंय हेच कळणार नाही.

रिकामटेकडा

२०१८चा ठीक आहे. डिक व्हॅन डाईक त्यात नव्वदी ओलांडून टेबलावर चढून नाचलाय, तेवढ्यासाठी बघा.

चकणा_ससा

आणि मुलांनी ते लांबलचक नावाचं गाणं एकदा पाठ केलं की तुमचं घर पुढचे काही महिने आमच्यासारखं होईल. शुभेच्छा.

मोगरा_सदाफुली

धन्यवाद सगळ्यांना! पुस्तक मागवलं. काका, तुमचं मत राहिलं?

खडूस_काका

पुस्तक मागवलंत ना, मग झालं. आणि 'बँक्स' लावलात तर श्रेयनामावली संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका.